ऐश्वर्याच्या वेषातील काटकसर

२०२२ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधील ‘वी बीलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने विमानतळाच्या धावपट्टीवर एक साधी परीक्षा घेतली. ११ अद्ययावत मोटारी आणि त्यांच्या जोडीला २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो, असा तो ताफा होता. मोटार ताशी ११० किलोमीटर वेगाने चालत असताना चालकाने काही किरकोळ कामे करावयाची होती: आसनाची ऊब सुरू करणे, तापमान दोन अंशांनी वाढवणे, रेडिओवर ठरावीक केंद्र लावणे, अंतर मोजणारा आकडा शून्यावर आणणे, डॅशबोर्डावरील दिवे मंद करणे. प्रत्येक चालकाला मोटारीची ओळख करून घेण्यास आधी पुरेसा अवधी दिलेला होता. सतरा वर्षांच्या जुन्या व्होल्व्होत ही सारी कामे दहा सेकंदांत उरकली. तेवढ्यात मोटारीने ३०६ मीटर अंतर कापले. सर्वांत मागे पडलेल्या नव्याकोऱ्या विजेच्या मोटारीत त्याच कामांना सुमारे ४५ सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात ती १,३७२ मीटर पुढे गेली. म्हणजे सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर चालकाचे लक्ष अर्धे रस्त्यावर आणि अर्धे पडद्यावर होते.

जुन्या व्होल्व्होत बटणे होती. नव्या मोटारीत त्यांच्या जागी पडदा होता. एवढाच दोहोंतील फरक. परंतु हा फरक कशामुळे पडला, असे विचारले तर दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. विक्रेता म्हणतो, पडदा हे आधुनिक ऐश्वर्याचे लक्षण आहे. कारखान्याचा हिशेबनीस म्हणतो, पडद्यामुळे खर्च वाचतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि अडचण नेमकी येथेच आहे. काटकसर करणे हा दोष नव्हे आणि ऐश्वर्याची हौस हाही गुन्हा नव्हे. परंतु एकीने दुसरीचा वेष घेतला, की ग्राहकाला काय मिळाले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले गेले, याचा हिशेब लागेनासा होतो. विजेच्या मोटारीच्या आजच्या रचनेतील मध्यवर्ती प्रश्न हा आहे.

श्रीमंतांचे वाहन

विजेची मोटार ही नव्या शतकाची उपज आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मोठ्या शहरांत ती चांगलीच प्रतिष्ठित होती. पेट्रोलची मोटार सुरू करण्यासाठी लोखंडी दांडा फिरवावा लागे. तिचा धूर, धक्के आणि कर्कश आवाज सोसावा लागे. विजेची मोटार मात्र बंद काचांची आणि मऊ गाद्यांची असे. काहींच्या अंतर्भागात फुलांसाठी लहानशी कुपी बसवलेली असे. दिवाणखान्याचा एक तुकडा चाकांवर ठेवावा, अशी ती कल्पना होती. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या मोटारी लाखोंनी तयार करीत असताना त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची मोटार वापरीत असत, ही गोष्ट बोलकी आहे.

या वाहनाचा पराभव किमतीने केला. १९१२ मध्ये विजेवर चालणारी छोटी मोटार १,७५० डॉलरला पडत असे. पेट्रोलची ६५० डॉलरला मिळे. त्याच वर्षी कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर आला आणि दांडा फिरवण्याची कटकट संपली. सुखसोयीतील अंतर मिटले, किमतीतील अंतर मात्र राहिले. मग निकाल लागण्यास वेळ लागला नाही. महाग सुख आणि स्वस्त उपयुक्तता यांच्यामधली वाट त्या काळच्या विजेच्या मोटारीला सापडली नाही.

शंभर वर्षांनी तिने पुनरागमन केले तेही श्रीमंतांच्याच दारातून. टेस्ला कंपनीची २००८ मधील पहिली मोटार एक लाख डॉलरच्या घरातील होती. २०१२ ची ‘मॉडेल एस’ ही सधनांचीच होती. महाग मोटार विकून मिळालेल्या पैशातून स्वस्त मोटार घडवावयाची, असे कंपनीचे जाहीर धोरण होते. ३५ हजार डॉलर किमतीचे आश्वासन देत २०१७ मध्ये ‘मॉडेल ३’ अवतरली, तेव्हा खरी कसोटी लागली. नाव ऐश्वर्याचे राखावयाचे आणि खर्च मध्यमवर्गाच्या आवाक्यात बसवावयाचा, हे दुहेरी ओझे त्या मोटारीच्या रचनाकारांवर पडले. आज जगातील बहुतेक सर्व कारखानदार तेच ओझे वाहत आहेत.

पैसा कोठे जातो?

हे ओझे इतके जड का, ते समजण्यासाठी मोटारीच्या पोटात डोकावले पाहिजे. विजेच्या मोटारीतील सर्वांत महाग वस्तू म्हणजे बॅटरी. ब्लूमबर्ग-एनईएफ या संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार २०२४ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे सरासरी ११५ डॉलर खर्च येत होता. २०१० च्या सुमारास हाच आकडा हजार डॉलरच्या वर होता. घसरण विलक्षण आहे, यात शंका नाही. तरीही ६० किलोवॅट-तासांची मध्यम बॅटरी घेतली, तर तिचेच जवळजवळ सात हजार डॉलर होतात. पेट्रोलच्या मोटारीत इंधनाची टाकी म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा एक डबा. विजेच्या मोटारीत तीच ‘टाकी’ घराच्या सोन्यासारखी जपावी लागते.

एकूण किमतीचा एवढा मोठा हिस्सा एका वस्तूने गिळला, की उरलेल्या मोटारीला हात आखडता घ्यावा लागतो. ग्राहकाची अपेक्षा मात्र उलट असते. पेट्रोलच्या मोटारीपेक्षा चार-पाच लाख रुपये अधिक मोजले, तर आतील थाटही तेवढाच वरचा असावा, असे त्याला वाटते. त्याने मोजलेले जादा पैसे आसनाखालच्या बॅटरीत गेले आहेत आणि ती त्याला कधीच दिसणार नाही, हे त्याला कोण समजावणार? म्हणून रचनाकारासमोर पेच उभा राहतो: दिसणार नाही तेथे पैसा ओतावयाचा आणि दिसेल तेथे, कमी पैशात, श्रीमंतीचा आभास निर्माण करावयाचा.

शांततेचे सार्वत्रिकीकरण

या पेचात आणखी एका गोष्टीने भर घातली आहे. मोटारीतील ऐश्वर्याचा एके काळचा मुख्य अर्थ शांतता हाच होता. इंजिनाचा आवाज आणि कंप प्रवाशापर्यंत पोहोचू नये म्हणून महागड्या मोटारींचे कारखाने अक्षरशः पाण्यासारखा पैसा खर्च करीत. वेगाने जाणाऱ्या रोल्स-रॉइसमध्ये घड्याळाचीच टिकटिक काय ती ऐकू येते, अशा अर्थाची १९५० च्या दशकातील जाहिरात जाहिरातविश्वात अजूनही आठवली जाते.

विजेच्या मोटरने ही मक्तेदारी मोडून काढली. गिअर बदलण्याचा झटका नाही, इंजिनाची घरघर नाही, पाय दाबताच तत्काळ वेग. जे सुख पूर्वी कोट्यधीशाला मिळे, ते आज आठ-दहा लाखांच्या मोटारीतील शिक्षकाला किंवा कारकुनालाही मिळते. समतेच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. परंतु त्यामुळे महाग मोटार विकणाऱ्याची पंचाईत झाली. शांतता सर्वांनाच मिळू लागल्यावर त्याने वेगळे काय द्यावयाचे? मग पडदे मोठे होऊ लागले, छपरे काचेची झाली, दिव्यांच्या रंगीत रेषा दारांवर उमटल्या. मर्सिडीझच्या ‘ईक्यूएस’ या मोटारीत डॅशबोर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची काच बसवता येते आणि तिच्यामागे पडदे असतात.

आणि या शांततेची एक खोडही आहे. इंजिनाचा आवाज अनेक दोष झाकत असे. तो गेल्यावर टायरांची घरघर, वाऱ्याची शीळ आणि हलक्या प्लॅस्टिकची करकर स्पष्ट ऐकू येऊ लागते. म्हणजे विजेच्या मोटारीत आतील सामग्रीवर केलेली काटकसर डोळ्यांआधी कानांना कळते. ज्याने दारांच्या रबरी पट्ट्यांत आणि जमिनीखालील अस्तरात पैसे वाचवले, त्याने पडदा कितीही मोठा लावला तरी पहिल्याच खडबडीत रस्त्यावर त्याचे बिंग फुटते.

रिकामेपणाचा अलंकार

‘मॉडेल ३’ च्या रचनाकारांनी पेच सोडवला तो अलंकार काढून टाकून. चालकासमोरचे वेगमापक नाही, वाऱ्याच्या झडपांच्या जाळ्या दिसत नाहीत, बटणे जवळजवळ नाहीत. मध्यभागी १५ इंची पडदा आणि भोवती मोकळी पट्टी. हे रिकामेपण जगाला मोठे मोहक वाटले. जपानी घरासारखा साधेपणा, असे त्याचे वर्णन झाले. हा साधेपणा हिशेबाच्या वहीतही तितकाच मोहक होता, हे मात्र फार थोड्यांनी बोलून दाखवले.

प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, जोडणी लागते, जोडणारा हात लागतो आणि नंतर तपासणी लागते. उजव्या आणि डाव्या सुकाणूच्या देशांसाठी ही यातायात दोनदा करावी लागते. उलट पडदा कसाही लावावाच लागतो. अमेरिकेत तर मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा २०१८ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचा आहे. पडदा आलाच आहे, तर त्याच्यावर बटणाचे चित्र काढावयास निराळा खर्च कोठला? चित्र एकदा काढले की ते दहा लाख मोटारींत फुकट उतरवता येते. म्हणून एकामागून एक कारखान्यांनी बटणांना निरोप दिला.

या लाटेत फोक्सवॅगनसारखी शिस्तीची कंपनीही वाहून गेली. २०२० मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या तिच्या ‘आयडी ३’ या मोटारीत आवाज आणि तापमान यांसाठी स्पर्शाने चालणाऱ्या पट्ट्या होत्या, आणि रात्री त्या उजळत नसत. अंधारात चालकाने त्या चाचपत शोधाव्यात. चालकाच्या दारावर चार खिडक्यांसाठी चार बटणांऐवजी दोनच बटणे होती. मागच्या काचा खाली करावयाच्या तर आधी एका जागी स्पर्श करून त्याच दोन बटणांना ‘मागचे’ करावे लागे. दोन बटणांची ही बचत कागदावर किती रुपयांची असेल ते असो. दुसऱ्या बाजूला कंपनीच्या नावाला लागलेला डाग होता. या नियंत्रणांनी मोठे नुकसान केले, असे कंपनीच्या प्रमुखांनीच २०२३ मध्ये मान्य केले. पुढे महत्त्वाच्या क्रियांसाठी खरी बटणे परत आणण्याचे कंपनीच्या रचनाप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीर केले आणि पुन्हा ही चूक होणार नाही, अशी ग्वाही दिली.

टेस्लाचाही अनुभव याहून निराळा नाही. २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या ‘मॉडेल ३’ मधून वळण्याचा इशारा देणारी, सुकाणूचाकामागची दांडी काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी चाकावरच बटणे आली. चाक फिरले की बटणेही फिरतात. वर्तुळाकार चौकातून बाहेर पडताना डावे कुठले आणि उजवे कुठले, असा संभ्रम पडावा यात नवल नाही. २०२५ मध्ये ‘मॉडेल वाय’ चे नवे रूप आले तेव्हा त्यात ही दांडी जागेवर होती. ‘युरो एनकॅप’ या युरोपातील सुरक्षा-परीक्षक संस्थेनेही २०२६ पासून निकष कडक केले आहेत. वळणाचा इशारा, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन हाक या पाच गोष्टींसाठी स्वतंत्र, हाताला लागणारी नियंत्रणे नसतील, तर पाच तारे मिळवणे आता कठीण झाले आहे. बटणाची महती पटण्यासाठी जगाला दहा वर्षे लागली.

दाराचे हँडल

बटणांच्या बाबतीत निदान वेळच जातो. दाराच्या हँडलाच्या बाबतीत प्राणाशी गाठ असते. विजेच्या अनेक मोटारींत बाहेरचे हँडल दाराच्या पत्र्यात सपाट बसवलेले असते. चालक जवळ आला की ते बाहेर येते किंवा दाबल्यावर उघडते. वाऱ्याचा अडथळा थोडा कमी होतो, हे त्याचे तांत्रिक समर्थन. ते दिसते देखणे, हे खरे कारण. येथील हिशेब मात्र बटणांच्या उलट आहे. साध्या हँडलापेक्षा हे हँडल महागच पडते. म्हणजे येथे शोभेवर खर्च होतो, आणि वीज गेल्यावर दार उघडेल कसे, या सोयीवर विचारांची काटकसर होते. आतून दार उघडण्यासाठी विजेवाचून चालणारी कळ असते. परंतु काही मोटारींत मागच्या आसनाजवळची ही कळ दाराच्या कप्प्यातील आच्छादनाखाली दडवलेली असते. धुराने भरलेल्या मोटारीत घाबरलेल्या प्रवाशाने आच्छादन उचलून कळ शोधावी, अशी अपेक्षा कोणता सुज्ञ रचनाकार करील?

अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार ‘मॉडेल वाय’ मोटारींच्या दारांबाबत चौकशी सुरू केली. आतील लहान बॅटरीचा दाब उतरला, की बाहेरचे हँडल निकामी होते, अशा तक्रारी तिच्यामागे होत्या. मागच्या आसनावर मूल आणि बाहेर आईबाप, अशी स्थिती काहींच्या वाट्याला आली आणि काच फोडूनच त्यांना मूल बाहेर काढावे लागले. चीन हा विजेच्या मोटारींचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक. त्यानेही २०२६ च्या आरंभी नियम जाहीर करून १ जानेवारी २०२७ पासून नव्या मोटारींच्या दारांना आतून व बाहेरून विजेवाचून उघडण्याची सोय बंधनकारक केली आहे. शोभेला कायद्याने वेसण घालावी लागली, ती अशी.

कुलूपबंद सुख

काटकसर आणि ऐश्वर्य यांच्या गाठीचा एक अजब प्रकार गेल्या दशकात दिसला. निरनिराळ्या किमतींच्या मोटारींसाठी निरनिराळे भाग बनवण्यापेक्षा सर्वांत एकच भाग बसवणे कारखान्याला स्वस्त पडते. मग स्वस्त मोटारीतील महाग भाग नुसता कुलूपबंद करावयाचा. २०१६ मध्ये टेस्लाने ‘मॉडेल एस’ चा एक कमी किमतीचा प्रकार आणला. त्यात बॅटरी ७५ किलोवॅट-तासांची होती. परंतु आज्ञावलीने ती ६० वर रोखून धरलेली होती. जादा पैसे भरले की कुलूप उघडे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, फ्लोरिडावर ‘इर्मा’ हे चक्रीवादळ चालून आले. लोक गावे सोडून निघाले, तेव्हा कंपनीने त्या भागातील अशा मोटारींची कुलपे काही दिवसांपुरती दुरूनच काढली. मदत स्तुत्य होती. परंतु मोटारमालकांना त्या दिवशी हेही कळले, की इतके दिवस ते स्वतःच्याच मोटारीत बंद असलेली, आपली नसलेली वीजसाठवण ओढत फिरत होते. बीएमडब्ल्यूने आसनाच्या ऊबेसाठी काही देशांत २०२२ मध्ये मासिक वर्गणी आकारून पाहिली. टीकेचा गदारोळ उठल्यावर २०२३ मध्ये ती कल्पना सोडून दिली. भाग बसवलेला आहे, त्याचे वजन मोटार वाहते आहे आणि तरी तो भाड्याचा आहे, हे साध्या माणसाच्या न्यायबुद्धीला पटत नाही.

भारतात या विचाराने वेगळी वाट धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या एमजी कंपनीच्या ‘विंडसर’ या मोटारीची किंमत ९ लाख ९९ हजार रुपये सांगण्यात आली. बॅटरीसह तीच साडेतेरा लाखांपासून पुढे होती. फरक एवढाच, की स्वस्त प्रकारात बॅटरी ग्राहकाची नव्हे; आरंभीच्या योजनेत तिच्यासाठी दर किलोमीटरला साडेतीन रुपये मोजावयाचे होते. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला साडेतीन हजार रुपये, आणि विजेचा आकार निराळा. याच मोटारीत १३५ अंशांपर्यंत मागे झुकणारे आसन आणि १५.६ इंची पडदा यांची आतषबाजी आहे. योजनेत फसवणूक काही नाही; सारे आकडे जाहीर आहेत. परंतु पगारावर जगणाऱ्या माणसाने पाटीवरची किंमत आणि पाच वर्षांचा एकूण खर्च यांतील अंतर स्वतः मांडून पाहिले पाहिजे. किंमत कमी होणे आणि किंमत पुढे ढकलली जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

नॅनोचा धडा

येथे कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. काटकसर उघडपणे केली तर ग्राहक तिला मान देतो काय? महाराष्ट्राला आणि भारताला या प्रश्नाचे उत्तर जवळून ठाऊक आहे. २००८ मध्ये दिल्लीत सादर झालेली आणि २००९ मध्ये विक्रीस आलेली टाटांची ‘नॅनो’ ही उघड काटकसरीचा कळसच होती. पुढच्या काचेला एकच वायपर, साध्या प्रकारात बाहेर एकच आरसा, चाकाला चारांऐवजी तीन नट, मागचे दार न उघडणारे. त्यामागे अभियंत्यांची खरी बुद्धिमत्ता होती. परंतु ‘सर्वांत स्वस्त मोटार’ हा शिक्का बसला, आणि स्कूटरवरून मोटारीत येऊ पाहणाऱ्या कुटुंबाला तोच शिक्का नको होता. दारात मोटार उभी राहावी ती प्रतिष्ठेसाठी. तिने गरिबी जाहीर करावी, हे कोणाला रुचेल? स्वस्त म्हणून झालेली ही ओळख चुकीची ठरली, असे रतन टाटा यांनी पुढे जाहीरपणे कबूल केले. २०१८ नंतर नॅनो जवळजवळ दिसेनाशीच झाली.

या अनुभवातून कारखानदारांनी धडा घेतला तो असा: काटकसर करा, पण ती दिसू देऊ नका. २०२३ मध्ये आलेल्या चीनच्या ‘बीवायडी’ कंपनीच्या ‘सीगल’ या छोट्या विजेच्या मोटारीलाही एकच वायपर आहे. परंतु आत फिरता पडदा आहे, आडवा हवा तर आडवा, उभा हवा तर उभा. ग्राहकाची नजर पडद्यावर खिळते आणि वायपरांची संख्या मोजण्याचे राहून जाते. नॅनोला जे साधले नाही ते सीगलला साधले. तेव्हा वेषांतराचा दोष एकट्या कारखानदारावर टाकता येणार नाही. साध्या वस्तूची लाज वाटणाऱ्या समाजाला सजवलेली वस्तूच मिळते.

तरीही उघड काटकसरीचा पक्ष अजून पुरता हरलेला नाही. युरोपात ‘डाचिया स्प्रिंग’ ही छोटी विजेची मोटार आहे. तिच्या साध्या प्रकारात पडद्याऐवजी चालकाने स्वतःचा फोन अडकवावा, अशी खोबण आहे. अमेरिकेत ‘स्लेट’ या नव्या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दाखवलेल्या मालवाहू मोटारीत रंगकाम नाही, पडदा नाही, रेडिओ नाही आणि काचा हाताने फिरवून खाली घ्यावयाच्या आहेत. अशा मोटारींचे भवितव्य बाजार ठरवील. परंतु ग्राहकाला काय मिळणार नाही, हे त्या पहिल्या भेटीतच सांगून टाकतात.

योग्य जागची काटकसर

मग खर्च वाचवावयाचा कोठे? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची उत्तमोत्तम उत्तरे अभियंत्यांनी दिली आहेत, आणि ती बहुतेक सारी दृष्टीआड आहेत. निकेल आणि कोबाल्ट ही महाग द्रव्ये टाळून लोह-फॉस्फेटची बॅटरी वापरणे, हे त्यांपैकी पहिले. तेवढ्याच ऊर्जेसाठी तिचे वजन जास्त भरते हे खरे. पण ती स्वस्त आहे, दीर्घकाळ टिकते आणि उष्णतेने पेट घेण्याचा तिचा धोका तुलनेने कमी आहे. २०२० मधील ‘नेक्सॉन’ या टाटांच्या विजेच्या मोटारीने भारतात हीच वाट धरली. दुसरे उत्तर सांगाड्याचे. ‘मॉडेल वाय’ च्या मागच्या भागातील सुमारे ७० तुकड्यांची जागा ॲल्युमिनियमच्या प्रचंड ओतीव भागांनी घेतली. त्यामुळे जोडकाम आणि वजन दोन्ही घटले. अपघातानंतर अशा सांगाड्याची दुरुस्ती अवघड जाते, ही त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. तिसरे उत्तर तारांचे. २०२३ मध्ये रस्त्यावर आलेल्या टेस्लाच्या ‘सायबरट्रक’ मध्ये दिवे, काचा यांसारख्या उपकरणांसाठी १२ ऐवजी ४८ व्होल्टचा दाब वापरला आहे. दाब चौपट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह पावपट लागतो, तारा बारीक होतात आणि तांबे वाचते.

या तिन्ही उपायांत एक समान सूत्र आहे. त्यांनी वाचवलेला पैसा प्रवाशाच्या हातातून, डोळ्यांसमोरून किंवा सुरक्षिततेतून काढून घेतलेला नाही. तो वाचला आहे अभ्यासातून. उलट बटण काढले की वाचलेल्या पैशाची किंमत रस्त्यावरून नजर हटवून चालक मोजतो. पर्यायी कळ दडवली की ती किंमत मागच्या आसनावरचे मूल मोजते. खर्चाच्या वहीत या दोन्ही रकमा ‘बचत’ या एकाच रकान्यात पडतात. त्या वेगळ्या करणे हे रचनाकाराचे, आणि तो चुकला तर शासनाचे, काम आहे.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ‘ईक्यूएस’ २०२२ पासून पुण्याजवळच्या चाकणला जुळवली जाते आहे. त्याच चाकणमध्ये महिंद्राच्या २०२४ मध्ये सादर झालेल्या विजेच्या मोटारी तयार होतात, आणि त्यांतील ‘एक्सईव्ही ९ई’ मध्ये चालकापासून शेजारच्या प्रवाशापर्यंत तीन पडद्यांची सलग पट्टी आहे. जगातील ही चढाओढ महाराष्ट्राच्या अंगणात पोहोचली आहे. येथील रस्त्यांवर खड्डा चुकवताना, अचानक आडवी आलेली रिक्षा किंवा गाय सांभाळताना आणि पहिल्या पावसात काच धुरकटताना चालकाचा हात बटणावर न बघता पडला पाहिजे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ च्या तारांकनाचा मुख्य भर धडकेतील संरक्षणावर आहे. धडक होऊच नये म्हणून हाताला लागणारी नियंत्रणे आणि विजेवाचून उघडणारी दारे यांनाही त्यात युरोप-चीनसारखे स्थान मिळावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, अमेरिकेतील करसवलत संपल्यानंतर थोड्याच दिवसांत, टेस्लाने ‘मॉडेल वाय’ चा एक स्वस्त प्रकार बाजारात आणला. त्यात आसनांना साधे कापड आहे, मागच्या प्रवाशांचा पडदा नाही, सुकाणूचाक हाताने वरखाली करावे लागते. हे सारे समजण्यासारखे आहे. परंतु त्याचे छप्पर पाहिले की विचारात पडावे लागते. महाग प्रकारातील काचेचे छप्पर या स्वस्त प्रकारातही कायम आहे. फक्त आतून त्यावर अस्तर ताणून ते झाकले आहे. काच आहे, तिचे वजन आहे, तिची किंमतही आहे. आकाश मात्र दिसत नाही. कारखान्याला निराळे छप्पर घडवण्यापेक्षा तेच झाकणे परवडले असावे. महाग आणि स्वस्त यांच्यातील फरक येथे वस्तूचा उरलेला नाही, तो पडद्याआड काय ठेवावे एवढाच उरला आहे. विजेच्या मोटारीच्या दुकानात शिरणाऱ्याने म्हणून पडद्याची लांबी विचारण्याआधी दोन गोष्टी हाताने करून पाहाव्यात. डोळे मिटून वायपर सुरू करावा, आणि मोटारीची वीज बंद असताना मागच्या आसनावरून दार उघडून बाहेर यावे. या दोन्ही गोष्टी जमल्या, तर त्या मोटारीतील काटकसर योग्य जागी झाली आहे असे समजण्यास हरकत नाही.